शेठना विचारून येतो

ज्या गाडीत शेठ गेले ती गाडी पुढं कित्येक महिने वाडीत माडाखाली उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. भाबी, म्हणजे शेठची बायको, रोज सकाळी तिच्याजवळून विहिरीवर जायची, पण तिकडं मान वळवायची नाही. मी मात्र बघायचो, कारण त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. शेठना ताप होता, म्हसळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं, आणि बोर्लीच्या पुढं चढणीवर मागचा एक्सल तुटला. पाऊस होता. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी बैलगाडी शोधायला पळालो. परत आलो तेव्हा शेठ मागच्या सीटवर कोपऱ्यात टेकून बसले होते, डोळे उघडे. मी त्यांच्याशी बोलायला लागलो. गाडी मिळाली, आता निघू, असं काहीतरी. बराच वेळ बोलत होतो. मग गाडीवानानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ती गाडी शेठनी पनवेलच्या एका दलालाकडून घेतली होती, जुनी, आणि दलालानं जो आकडा सांगितला त्या आकड्याला. शेठना भाव करता येत नव्हता. सुपारीच्या व्यापाऱ्याला हे कसं परवडायचं, असं कुणीही विचारेल. तर त्यांच्या घरात भाव भाबी करायची, दाराआडून. गिऱ्हाईक ओटीवर, शेठ उंबऱ्याशी, आणि भाबी आत. गिऱ्हाईकानं आकडा सांगितला की शेठ म्हणायचे, "थांबा, घरात विचारतो." आतून दाराची कडी वाजली की भाव नामंजूर. पुन्हा आकडा, पुन्हा कडी. कडी गप्प बसली की माल गेला. दिघीपासून श्रीवर्धनपर्यंत सगळे व्यापारी त्या कडीला ओळखून होते. शेठ एकटे बाहेर गेले की मात्र फसून यायचे. समोरच्यानं काहीही मागितलं तरी ते त्याच्या तोंडाकडं बघायचे आणि म्हणायचे, "दे रे त्याला काय मागतो ते. त्याच्याही घरी पोरं असतील."

मला त्यांनी असंच काही भाव न करता घरात घेतलं होतं. मी माणदेशाकडचा. पाचवीत शाळा सुटली, मग एका लॉरीवर क्लीनर लागलो. म्हसळ्यात मला हिवताप भरला तेव्हा लॉरीवाल्यानं मला एका पारावर उतरवून दिलं आणि तो निघून गेला. शेठनी मला उचलून घरी आणलं. सुपारीच्या खळ्याशेजारच्या खोलीत खाट दिली, बरं केलं, गाडी शिकवली, लायसन काढून दिलं. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं तर त्यांच्या लक्षात येईल की याला ठेवायचं काही कारण नाही, अशी मला धास्ती असायची. ती धास्ती माझ्या अंगातच आहे. आज इतक्या वर्षांनीसुद्धा कुणी चांगलं वागलं की मी आधी घाबरतो.

शेठ गेल्यावर घरात भाबी, तिची लहान मुलगी आणि मी. दिघीच्या धक्क्यापासून हरिहरेश्वरापर्यंत उतारू न्यायचं परमिट शेठच्या घरचं होतं. पुढचा पावसाळा संपून आगबोटी सुरू व्हायच्या आत दारात धावणारी गाडी नसली तर ते दुसऱ्याला जाणार, असं कचेरीतून सांगून झालं होतं. भाबीनं दागिने मोडले, सुपारी विकली, तरी नव्या गाडीला कमी पडत होतं. तिचा दीर म्हणाला, कमी पडतं ते मी घालतो, समोरची वाडी माझ्या नावावर कर. समोरची म्हणजे गोड्या विहिरीची. ती गेली तर घरातलं पाणीसुद्धा दिराला विचारून भरायचं. आणि दिराकडं त्याचा स्वतःचा ड्रायव्हर होता. याच्या पुढचं भाबी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

"जुनी घेऊ या का, भाबी?" मी एवढंच म्हणालो.

"जुनी?" ती म्हणाली. "माडाखाली उभी हाय ती बघितली ना? नवीच घ्यायची. आणि वाडी न देता घ्यायची. तुला घाट्याला भाव करता येतो का?"

"नाही."

"मग माझ्यासंगं चल. तोंड बंद ठेव, एवढं जमलं तरी पुष्कळ."

म्हणून आम्ही मुंबईला गेलो. पुढं नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायची वेळ आली, पण त्या सालात अजून दुकानदारांच्या काचांमागं गाड्या उभ्या असत, गिऱ्हाईकाची वाट बघत. भाव करायला जागा होती. भाव करणारं माणूस तेवढं पाहिजे होतं.

पहिल्या दुकानात सगळं बोलणं माझ्याशी झालं. भाबी विचारायची आणि टायवाला माणूस उत्तर मला द्यायचा. तिनं गाडीचा भाव विचारला तर तो मला म्हणाला, "साहेब आले की बघू." दुसऱ्या दुकानात तेवढंही नाही. तिथला मालक जागचा न उठता म्हणाला, "बाईमाणसाशी भाव बोलून माझा दिवस जातो. घरच्या पुरुषाला पाठवा."

भाबी बाहेर आली. मला वाटलं, आता ही दिराला तार करणार. ती मात्र फुटपाथवर एका बांगडीवाल्यापाशी उकिडवी बसली. नवरा गेल्यावर पाळायची इद्दत संपून कितीतरी दिवस झाले होते, तरी हात मोकळेच होते तिचे. बांगडीवाल्याशी तिनं हिरव्या काचेच्या बांगड्यांचा भाव केला, दोनदा उठायचं सोंग केलं, आणि दोन्ही हात भरून घेतले. बांगडीवाला हात दाबून बांगडी चढवत होता तेव्हा ती दुसरीकडं, ट्रामच्या रुळांकडं बघत होती. मी पण तिकडंच बघितलं.

"चल," ती उठत म्हणाली. "आता तिसरं दुकान."

तिसरं दुकान ऑपेरा हाऊसच्या पुढं होतं. मालक गुजराती, वयस्कर, पांढरा लांब कोट, डोक्याला काळी टोपी, आवाज असा मऊ की भाव सांगताना सुद्धा आपली विचारपूस करतोय असं वाटावं. त्याच्या दारात पाऊल टाकता टाकताच भाबी म्हणाली, "आमचे शेठ त्या नाक्यावर इराण्याकडं बसलेत. पाय अधू हाय त्यांचा, पायऱ्या चढवत न्हाय. गाडी मी बघते, भाव ते ठरवणार. ह्यो आमचा ड्रायव्हर. ह्यो जाऊन विचारून येईल."

हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पाय अधू होता हे खरं. लहानपणी पोफळीवरून पडल्यामुळं शेठ डावा पाय ओढत चालायचे. ते इराण्याकडं बसलेत, एवढंच काय ते खोटं. पण ती ते इतकं सरळ बोलली की माझी मान आपोआप नाक्याकडं वळली.

"आवो बेन, बसो," मालक म्हणाला. शेठ आहेत म्हटल्यावर खुर्ची आली.

भाबीनं गाडी बघितली ती नारळ बघतात तशी. मडगार्डावर बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावला. काळी गाडी तिच्या मनात भरली होती हे मला कळलं, कारण तिच्याकडं ती एकदाही नीट बघेना. सगळे दोष काळीचे काढले आणि सगळी चौकशी हिरवीची केली. काळीचं इंजिन चालू करायला लावलं, आणि थोड्या वेळानं बॉनेटवर उलटा हात ठेवला, कपाळावर ठेवावा तसा. ठेवला आणि चटकन काढून घेतला.

मालकानं भाव सांगितला. आमच्याजवळच्या रकमेत आणि त्या भावात अख्ख्या वाडीचं अंतर होतं.

"जा रे," भाबी मला म्हणाली. "शेठना विचारून ये."

मी बाहेर गेलो. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. नाक्यापर्यंत चाललो, इराण्याच्या दाराशी उभा राहिलो, लोक चहा पीत होते ते बघितलं, आणि परत आलो. "शेठ म्हणतात, फार होतंय."

"फार?" मालक हसला. "बेन, तुमच्या शेठनी दुसरीकडं विचारलं नाही वाटतं."

"त्यांनी सगळीकडं विचारलंय," भाबी म्हणाली. "म्हणून तर पाय दुखतोय."

मालकानं थोडं सोडलं. थोडंच. भाबीनं टायरचं काढलं, स्टेपनीचं काढलं, सीटच्या खोळींचं काढलं. पासिंगचा खर्च कुणी करायचा ते काढलं. ती इतकी रंगली होती की मधेच म्हणाली, "पोरीचे अब्बा मला बोलतील, बाईनं पैसे पाण्यात घातले," आणि हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर खरोखरची भीती आली, नवरा रागावेल याची. जो माणूस आयुष्यात कधी तिच्यावर रागावला नव्हता त्याची. त्या दुकानात आम्ही एक दुसराच शेठ उभा करत होतो, कडक, हिशेबी, पायदुखीनं वैतागलेला, आणि तो हळूहळू उभा राहत होता.

"जा रे, विचारून ये."

या वेळी मालकानं मला थांबवलं. "अरे, शेठना चहापाणी? मी माणूस पाठवतो."

"चाय ते तिथंच घेतील," भाबी म्हणाली. "दुसऱ्याचं घेत न्हाय ते, भाव ठरल्याबिगर."

मालकानं मान हलवली, पण त्याची नजर माझ्यावर राहिली. मला वाटलं, हा आता मागून माणूस पाठवणार. म्हणून मी नुसता दाराशी न थांबता आत जाऊन बसलो. संगमरवरी टेबल, दोन खुर्च्या. पोऱ्या आला, "किती चाय?" आणि मी म्हणालो, "दोन."

दोन कप आले. एक माझ्यापुढं, एक समोर रिकाम्या खुर्चीपुढं. मी माझा प्यायलो. समोरच्यातून वाफ निघत होती. कुणी बघत असेल तर बघू दे, म्हणून मी समोर तोंड करून ओठ हलवायला लागलो. आधी उगीच, काहीतरी. मग मी खरंच सांगायला लागलो. शेठ, काळी गाडी आहे, चांगली आहे. भाबीला आवडलीय. त्याचा भाव हा असा आहे. एवढा दिला तर वाडी जाते. काय सांगू त्याला?

आणि उत्तर आलं. कानात आलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याच आवाजात आलं, नेहमीसारखं जरा थकलेलं. दे रे त्याला काय मागतो ते. त्याच्याही घरी पोरं असतील.

हा खरा निरोप होता. शेठना विचारून ये म्हणून मला पाठवलं होतं, मी विचारलं होतं, आणि शेठनी सांगितलं होतं. तो निरोप नेला तर वाडी गेली, विहीर गेली, मी पुन्हा कुठल्या तरी पारावर. आणि न नेला तर मी त्यांना कायमचा तो दुसरा माणूस करून टाकणार होतो. मला घरात घेतलं, वाढवलं त्या माणसाचं एक वाक्य, तेवढंच उरलं होतं माझ्याजवळ, आणि तेच मला बोलता येत नव्हतं.

मी परत गेलो. भाबी माझ्याकडं बघत होती. मालक बघत होता.

"शेठ विचार करतायत," मी म्हणालो.

ते चुकलंच. भाबीनं डोळे मिटले. मालक खुर्चीतून उठला. "विचार करतायत म्हणजे घ्यायची आहे," तो म्हणाला. "इथून तिथून निरोप कशाला? मीच जातो ना. पाय दुखतो त्यांचा, माझा कुठं दुखतो?" आणि भाबी काही बोलायच्या आत तो दाराबाहेर होता. मी त्याच्यामागं. मागं वळून बघितलं तर भाबी खुर्चीचा हात धरून बसली होती, मोडलेल्या माणसासारखी.

ती थोडीशी वाट मी कशी चाललो ते आठवत नाही. मालक वयाच्या मानानं भरभर चालत होता आणि मला विचारत होता, शेठचं गाव कुठलं, सुपारी कुठली चांगली. मी उत्तरं देत होतो. आम्ही इराण्याकडं शिरलो. मी टेबल दाखवलं, दुसरं काय दाखवणार? खुर्ची रिकामी. माझा कप प्यालेला. समोरचा भरलेला, वर साय धरलेली.

मालक थबकला. पुढं होऊन त्यानं कपाला बोट लावलं.

"चहा पण नाही घेतला?" तो म्हणाला. त्याच्या आवाजातला मऊपणा गेला होता. व्यापारात माणूस शिव्या देऊन उठला तर परत बसवता येतो, हे मी नंतर कितीदा पाहिलं. पण मागवलेला चहा तसाच टाकून उठला तर तो उठला. मालक पटकन दाराशी गेला आणि रस्त्याच्या पलीकडं बघायला लागला. पलीकडं दुसऱ्या गाडीवाल्याचं दुकान होतं.

"ते का?" तो म्हणाला. "लाल टोपी? गोंड्याची?"

मी बघितलं. रूळ ओलांडून एक माणूस चालला होता. पाठमोरा. लाल गोंड्याची टोपी, आमच्याकडचे जुने लोक घालतात आणि शेठही घालायचे तशी, पांढरा सदरा. डावा पाय ओढत होता. घाईत नव्हता. गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होती आणि तो आपल्या चालीनं चालला होता.

टोपीचं भाबीनं दुकानात काही सांगितलं नव्हतं. हे मी तेव्हापासून आजपर्यंत पुन्हा पुन्हा तपासलंय. तिनं फक्त पायाचं सांगितलं होतं. टोपी मालकानं स्वतः पाहिली.

मी धावत गेलो असतो तर कोण होता ते कळलं असतं. मुंबईत तशा टोपीची माणसं पुष्कळ, आणि लंगडी माणसंही पुष्कळ. मी धावलो नाही. "हो" म्हणालो नाही, "नाही"ही म्हणालो नाही. मालकाला माझं उत्तर नकोच होतं. तो दुकानाकडं वळला होता.

आत शिरताच तो म्हणाला, "बेन, शेठ रागावले. चहा टाकून उठून गेले, समोर चालले. मी असं काय वाईट बोललो?"

भाबीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटतं तिला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. पण ती जन्मभर दाराआडून भाव केलेली बाई होती.

"ते असेच हाय," ती म्हणाली. "एकदा उठले की उठले. आता मी पण जाते."

तिनं पदर सावरला, बांगड्या वाजल्या, आणि मालकानं भाव सोडला. भाबी उठून उभीच राहिली. त्यानं आणखी सोडला. ती दारापर्यंत गेली. तिथं जो आकडा झाला त्यात आमची रक्कम बसत होती. वाडी राहिली. माझी खाट राहिली. भाबीनं परत येऊन खुर्चीत बसताना म्हटलं, "आणि टाकी भरून पेट्रोल. लांब जायचंय आमाला."

"बेन," मालक कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "शेठपेक्षा तुम्ही भारी."

"छे हो. त्यांच्यापुढं मी कोण?"

गाडी बायकोच्या नावावर घेणारे व्यापारी त्यानं पुष्कळ पाहिले होते, त्यामुळं कागदांवर भाबीची सही झाली तेव्हा त्याला काही वाटलं नाही.

ठाण्यावरून आम्ही निघालो. नव्या गाडीचा वास होता आणि भाबी मागं बसली होती, कोपऱ्यात टेकून. मला आरशात बघवेना. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "चांगलं सोंग केलंस रे घाट्या. टाकून उठले, म्हणे. कुणी शिकवलं तुला?"

मी गियर बदलला.

"चहा कुणाला दिलास?"

"तसाच राहिला टेबलावर."

ती एकदम पुढं सरकली. "तसाच? त्यांच्या नावानं मागवलास आणि तसाच ठेवलास? अरे, गेलेल्याच्या नावाचं कुणाला तरी पाजायचं असतं. टाकायचं नसतं. ते तहानलेले राहतात."

मला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडं वेगळं असतं. पनवेलला तिनं गाडी थांबवायला लावली, रस्त्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याला हाक मारून टपरीवर चहा पाजला आणि तो शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभी राहिली. पेण यायच्या आत तिनं एकेक करून सगळ्या बांगड्या काढल्या. मी तिला टोपीचं सांगितलं नाही. सोंग आहे असं तिला वाटत होतं, तेच बरं असं मला वाटलं. त्याहून खरं कारण म्हणजे, सांगितलं तर ती विचारणार की मग तू मागं का गेला नाहीस.

गाडी चांगली निघाली. आगबोटी सुरू झाल्या, परमिट राहिलं, मुलगी शाळेत जायला लागली. गाडीचं काही काम निघालं की मी मुंबईला त्याच दुकानात जायचो, आणि मालक दरवेळी हसून विचारायचा, "आपले कडक शेठ कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणायचो.

"पाय?"

"तसाच."

असं करता करता त्या दुकानात शेठ पुढं कित्येक वर्षं जगले. सुपारीला चांगला भाव आला तेव्हा ते खूश झाले. एका उन्हाळ्यात त्यांना मोतीबिंदू झाला, मालकानं डॉक्टर सुचवला. हे सगळं मी सांगायचो आणि सांगताना मला घाम फुटायचा, पण एक विचित्र गोष्ट म्हणजे मला ते आवडायचंही. दुसऱ्या कुठंच मला त्यांच्याविषयी चालू काळात बोलता येत नव्हतं. परतीच्या वाटेवर मात्र चढणींना मी मागच्या सीटकडं बघायचं टाळायचो. उतारू असले की बरं वाटायचं. रिकामी गाडी मला कधीच रिकामी वाटली नाही.

मग एक दिवस दिघीच्या धक्क्यावर होडीतून उतारू उतरत होते आणि त्यांत तो काळ्या टोपीचा मालक होता. बरोबर कुणी नाही. वडिलांचं कार्य करायला तो हरिहरेश्वराला चालला होता. त्यानं गाडी ओळखली, मग मला ओळखलं, आणि लहान मुलासारखा आनंदला.

"आधी शेठकडं," तो म्हणाला. "मग देवाकडं. त्यांना एकदा चहा पाजल्याशिवाय मी मरणार नाही."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. शेठ बाहेरगावी गेलेत, आजारी आहेत, काहीही. इतकी वर्षं इतकं बोललो, आणि त्या वेळी तोंडातून शब्द निघेना. मी त्याला घरी नेलं.

तो ओटीवर बसला. भाबी दाराआड आली. मला वाटलं, ती तिथूनच काहीतरी सांगून त्याला वाटेला लावेल. पण दार पूर्ण उघडलं आणि ती बाहेर आली. केस पिकले होते तिचे. हात मोकळे. मालकाची नजर हातांवर गेली आणि तिथंच राहिली.

"शेठ कबरस्तानात हायत," भाबी म्हणाली.

"अरे राम. कधी, बेन?"

"गाडी घ्यायच्या आधी. वर्ष होऊन गेलं होतं."

तो माझ्याकडं वळला. मी खाली बघितलं. वाडीत कुणी तरी झावळ्या ओढत होतं, त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे मला फसवलंत," तो शेवटी म्हणाला.

"व्हय. त्या आधीचे दोघं बाईशी भाव बोलेनात. मी एकटी आले असते तर तुम्ही बोलला असता का? खरं सांगा."

तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. "नसतो बोललो," तो म्हणाला.

"मग? तेव्हा जेवढं सोडलंत तेवढं आज मागायचं असेल तर मागा. वाडी समोर हाय. तुमच्यासमोर न्हाय म्हणणार न्हाय मी."

जे इतकी वर्षं टळलं होतं ते ओटीवर येऊन बसलं होतं. पण मालक वाडीकडं बघतच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर राग होता तो कुठं गेला कळेना. तो भाबीकडं बघत होता आणि काहीतरी जुळवत होता, आणि ते जुळत नव्हतं.

"पण बेन," तो हळूच म्हणाला, "मी त्यांना पाहिलं ना."

"कुणाला?"

"शेठना. इराण्याच्या दारातून. लाल टोपी, गोंड्याची. याला विचारा, हा होता बाजूला."

भाबीनं माझ्याकडं बघितलं. ते सोंग नव्हतं हे आता सांगायची वेळ होती आणि मी फक्त मान हलवली. हो.

ती ओटीच्या कडेला बसली. परक्या पुरुषासमोर ती कधी बसत नसे. तू मागं का गेला नाहीस, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. ती त्या माणसालाच विचारायला लागली, दुकानात गाडीचं विचारत होती तसं, एकेक.

"पाय ओढत होते?"

"हो. डावा."

"दमलेले दिसले?"

"नाही, बेन. हळू चालले होते. दमलेले नव्हते."

"मागं बघितलं?"

"नाही बघितलं."

मग म्हणाली, "कुठल्या बाजूला गेले?"

तो माणूस उठून उभा राहिला. नुसतं सांगून भागण्यासारखं नाही असं त्याला वाटलं असावं. आपण कुठं उभे होतो, दार कुठं, रूळ कुठं, हे तो आमच्या अंगणात मनाशी मांडत राहिला, आणि मग त्यानं हात लांब करून दाखवलं. ऑपेरा हाऊसचा रस्ता आमच्या अंगणात कुठला असायला? त्याचा हात पोफळींच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला वळला होता. तरी भाबीनं तिकडं बघितलं, मीही बघितलं, आणि तो हात खाली घ्यायचं विसरून आमच्याबरोबर बघत उभा राहिला.